आपल्याच घरी पाहुणे आलेले दाजी

माझ्या आईने माझ्यासाठी कधी डोक्यावर पदर घेतला नाही. मुलासाठी कोण घेतं? पण दाजींची चप्पल जिन्यात वाजली की तिचा हात आपोआप डोक्याकडे जायचा. तीस वर्षं मी हे बघितलं. पुढे तिला महिना आठवेना, गाव आठवेना, मी आठवेना, तरी तो हात तसाच जात राहिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शैलाताईचे यजमान. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, त्यांच्या मागून सात महिन्यांनी आई गेली. दाजींच्या दिवसांना जो येई तो म्हणे, देवमाणूस होता. मीही मान हलवायचो. पण मला तो माणूस कधी मनापासून सहन झाला नाही, हे एकदा सांगून टाकलेलं बरं. त्यांनी माझं काही वाईट केलं असतं तर गोष्ट सोपी होती. भांडलो असतो, मोकळा झालो असतो. भांडण मला जमतं.

आमची पहिली गाठ काट्यावर पडली. न्हावा शेव्याच्या रस्त्याला ट्रक तोलायचा मोठा काटा होता, त्याच्या केबिनमध्ये दाजी बसत. मी तेव्हा बावीस वर्षांचा. बंदरात परदेशातून यंत्रं येतात ती लाकडी खोक्यांतून. यंत्र गेलं की खोकं उरतं. ते लाकूड मी वजनावर घ्यायचो. आधी रिकामा ट्रक तोलायचा, मग भरलेला. मधला फरक तो माल. रिकामा ट्रक जितका जड भरेल तितकं माझं भलं. म्हणून मी रिकाम्या ट्रकात ताडपत्रीखाली दोन हमाल आडवे झोपवायचो. बाकीच्या काट्यांवर हे बिनबोभाट चालायचं.

दाजी केबिनमधून उतरले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि ताडपत्रीला म्हणाले, "अहो, उकडत असेल तुम्हाला. उतरा खाली, चहा सांगितलाय." चहा खरोखरच आला. दोघा हमालांना, ड्रायव्हरला आणि मला. आवाज चढला नाही, मालकाकडे तक्रार गेली नाही. मी म्हटलं, "काय साहेब, काही जमवून घ्या की." तर हसून म्हणाले, "बघू या, काटा काय म्हणतो." हे त्यांचं कायमचं वाक्य. मुलगी कुठल्या शाळेत घालायची, भाजीत मीठ कमी आहे का, कशालाही हेच. बाजारात पहिला भाव दिला की हा माणूस पिशवी उघडायचा. त्यांच्याबरोबर मासळी घ्यायला गेलो की माझं डोकं दुखायचं.

वर्षभराने कुणीतरी ताईसाठी स्थळ आणलं, तर हेच काटेवाले. वडील मी शाळेत असतानाच गेलेले, त्यामुळे बोलणी करायला मी. रात्रभर मनात मांडणी केली होती, ते काय मागतील, मी कुठून सुरू करीन, कुठे थांबेन. त्यांच्याकडून दाजी आणि त्यांचे काका, दोघेच आले. काका म्हणाले, "मुलगी पसंत आहे. बाकी तुम्हाला जमेल तसं." आणि पोहे खाऊ लागले. समोरचा काही मागतच नसेल तर तोडायचं काय? सगळ्यांनी मला नशीबवान म्हटलं. मला मात्र कुणीतरी हातातलं हत्यार काढून घेतल्यासारखं वाटलं.

आणि मग ते जावई झाले. आमची आई चिरनेरकडची. तिच्याकडे जावई म्हणजे काय ते बघायला हवं होतं. दाजी येणार म्हटलं की ती सकाळी बाजारात जाऊन पापलेट आणायची. मधल्या तुकड्या दाजींना, डोकं मला. मी कधी बोललो की म्हणायची, "तू घरचाच हाय." घर मी चालवत होतो, पापलेट माझ्या कष्टाचं होतं, आणि घरचा म्हणून मला डोकं! दाजी ताटात बघून म्हणायचे, "मामी, मधुकररावांना वाढा की." सासूला ते मामी म्हणत आणि मला मधुकरराव. वयाने मी लहान, धंदा भंगाराचा, सगळं पनवेल मला मध्या म्हणून हाक मारतं. मला राव लावणारा जगात हा एकच माणूस, आणि त्याचाही मला राग यायचा.

आईचं विसरणं सुरू झालं तेव्हा ती माझ्याकडे सुकापूरला होती. मी तिथे बंगला बांधलाय. दारात काळ्या ग्रॅनाइटवर 'मातृछाया' कोरून घेतलंय. त्या मातृछायेत बसून आई दिवसभर म्हणायची, "मला घरी नेवून सोडा." मी तिला पटवून द्यायचो. लाईटचं बिल दाखवायचो, भिंतीवरचा वडलांचा फोटो दाखवायचो. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला, वाद घालू नका म्हणाले. पण वाद न घालता मी आयुष्यात साधी कोथिंबीर घेतलेली नाही. "आई, चार घास खा, मग घरी नेतो." ती एक घास खाई आणि विचारी, "तुमी कोन?" ज्याला आपला मघाचा शब्दच आठवत नाही त्याच्याशी सौदा होत नाही, हे कळायला मला आठ महिने लागले. तोवर माझी बायको रेखा निम्मी झाली होती. आई भाकऱ्या उशीखाली लपवायची, गेटला लोंबकळायची. एकदा ताट भिरकावलं तेव्हा मी तिच्यावर असा ओरडलो की ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात जोडून मला म्हणाली, "शेट, मारू नका."

त्या संध्याकाळी ताई तिला घेऊन गेली.

नवीन पनवेलला ताईचा दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथे वेगळंच निघालं. आईला बाकी काही आठवत नव्हतं, पण लेकीच्या घरी फुकटचं जेवायचं नाही हे पक्कं आठवत होतं. दोन दिवस ती अन्नाला शिवली नाही. "लेकीच्या घरचं नाय खानार मी." तिसऱ्या दिवशी दाजी बाजारातून आले. दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून त्यांनी कोपराने बेल दाबली. ताईने दार उघडलं. आईने वळून पाहिलं, ताडकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "शैले, जावय आले. पानी दे त्यांना. जेवल्याबिगर सोडू नको."

आता इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मामी, हे माझंच घर आहे. मी तर नक्कीच म्हणालो असतो. दाजींनी पिशव्या खाली ठेवल्या, चप्पल काढून नीट जोडीने लावली आणि पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला बसले. "कसं काय मामी, बरं आहे?" पान वाढलं. दाजी हात बांधून बसले. "तुम्ही घेतल्याशिवाय मी कसा घेऊ?" आता जावई उपाशी बसलेला आईला चालेल का? तिने पहिला घास घेतला.

त्या दिवसापासून चार वर्षं, रोज दोन वेळा, दाजी स्वतःच्या घरी पाहुणे आले.

ऐकायला गंमत वाटते. पण जावयाला बनियनवर बसता येत नाही. दाजी तोवर निवृत्त झाले होते. पनवेलच्या उकाड्यात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून बसायचे. सासूसमोर आडवं व्हायचं नाही, म्हणून दुपारी खुर्चीत ताठ बसून डुलक्या घ्यायचे. बायकोला काही बोलायचं तर "जरा पाणी मिळेल का" एवढंच. ताई एकदा म्हणाली, "मध्या, माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली आणि आता नवरा माझ्याशी लाजून बोलतो." ती हसत होती. मला हसू आलं नाही.

आणि जेवण झालं की जावयाने जायला हवं. आई अधूनमधून विचारायची, "निगायचं नाय का? घरी वाट बगत असतील." निघताना ती त्यांच्या हातात नारळ ठेवी. दाजी नारळ घेऊन दोन मजले उतरत, खाली पार्किंगच्या बाकावर बसत. आई जरा कलंडली की ताई खिडकीत टॉवेल वाळत घाली, मग दाजी वर. नारळ परत देवघरात. एकच नारळ चार महिने असा खाली-वर करत होता. हलवला की आत खडखड वाजायचा.

एकदा मी भर दुपारी गेलो तर हे मांडीवर नारळ घेऊन बाकावर बसलेले. मी म्हटलं, "दाजी, अहो घरात जा की. ऊन बघा काय आहे."

"आत्ताच निघालोय मी," दाजी म्हणाले. "लगेच परत गेलो तर बरं दिसत नाही."

मी वर गेलो आणि दाराशीच थांबलो. दारावरची दाजींच्या नावाची पाटी गायब. तिथे पत्र्याची नवी पाटी, निळ्या रंगात 'भागीरथीबाई'. माझ्या आईचं नाव. माझं टाळकं सरकलं. तसाच खाली आलो.

"हा काय तमाशा लावलाय? उद्या लोक म्हणतील, सासूने जावयाचं घर बळकावलं. आमच्या नावाला बट्टा!"

"त्या विचारत होत्या, घर कोणाचं. त्यांना सहीपुरतं नाव वाचता येतं, म्हणून लावली. आता दाराशी जाऊन बघून येतात, मग शांत बसतात."

"आणि तुमचं नाव?"

"मला कुठे पत्रं येतात, मधुकरराव?"

मी नावाचा बट्टा वगैरे बोललो, पण ते खोटं होतं. मी ग्रॅनाइट लावला होता. कारागीर राजस्थानचा होता. त्या दगडाकडे माझ्या आईने एकदा मान वळवून पाहिलं नव्हतं, आणि या माणसाने पत्र्याचा तुकडा लावून तिला घर दिलं.

दर रविवारी मी जायचो. फळं, डायपर, औषधं, कशात कमी पडू दिलं नाही. मला एकच हवं होतं. तिने एकदा मला मध्या म्हणावं. पूर्वी ती म्हणायची तसं, जरा वैतागून, 'मध्या, हात धुतलेस का' असं म्हटलं तरी चाललं असतं. मी समोर बसायचो, "आई, मी मध्या." ती विनम्रपणे मान डोलवायची. एका रविवारी दाजींच्या शेजारी बसलो होतो, तर तिने पदराआडून दाजींना विचारलं, "ह्यो कोन? तुमचा डायवर का?"

"नाही मामी, हे मधुकरराव. मोठे व्यापारी आहेत."

"व्यापारी?" आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग जपून ऱ्हा, बापू," ती दाजींना म्हणाली. जावयाला ती बापूच म्हणायची. आणि ताईला हाक मारली, "शैले, डायवरला भायेर वाढ."

ताईने डोळ्यांनी विनवलं. मी पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी बसून जेवलो. आत आई दाजींना आग्रह करत होती. "मधली तुकडी घ्या. काटा नाय तिच्यात." ती तुकडी मीच आणली होती. थोड्या वेळाने दाजी आपलं ताट घेऊन बाहेर आले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. आत काहीतरी थाप मारून आले असणार. हळूच आपल्या ताटातली ती तुकडी माझ्या ताटात सरकवू लागले. मी ताट ओढून घेतलं.

"दाजी, मला दान नको."

"दान कसलं? मी एक सुचवू का? उद्यापासून तुम्ही या जावई म्हणून. टोपी घाला, बेल वाजवा. त्यांना चेहरा ओळखू येत नाही, जावई तेवढा कळतो. मी होतो बाजूला. तुमच्या हातून दोन घास जातील, तुम्हाला बरं वाटेल."

मला आजही आठवतं, हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर त्यागबिग काही नव्हतं. पंखा जरा तुमच्याकडे करू का, असं विचारावं तसे बोलले. चार वर्षांची आईची माया ते पहिल्याच भावाला देऊन टाकत होते, आणि म्हणूनच मला ती घेता येईना.

"मी मुलगा आहे," मी म्हटलं. "आलो तर मुलगा म्हणून येईन. त्याच्या खाली मी उतरणार नाही."

"बरं," दाजी म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात दाजींच्या छातीत दुखू लागलं. हॉस्पिटलात ठेवलं, ऑपरेशन ठरलं. ताई तिकडे, म्हणून तिच्या घरी आईपाशी मी आणि रेखा. आईने पहिल्या दिवशी सकाळी दोनदा विचारलं, "जावय आले नाय?" मग विचारणं सोडलं, आणि जेवणंही सोडलं. रेखाने भरवून पाहिलं, दात घट्ट मिटलेले. मी समोर बसलो, "आई, मी मध्या. बघ माझ्याकडे." ती म्हणाली, "मध्या शालंत गेलाय." मी गयावया केली. मग सवयीप्रमाणे आवाज चढला, आणि तिची पाठ पुन्हा भिंतीकडे सरकू लागली. मी तोंड दाबून बाहेर आलो. दुसरा दिवस दुपारपर्यंत गेला. पाणीसुद्धा ओठांवरून ओघळून जात होतं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर नळी घालावी लागेल.

मी आतल्या खोलीतून दाजींचा पांढरा शर्ट काढला. तो मला पोटावर बसेना, वरची तीनच बटणं लागली. टोपी घातली. जिना उतरलो, पुन्हा चढलो, म्हणजे पावलं वाजतील. बेल दाबली. मी भल्याभल्यांना भावात पाडलंय, पण त्या दारात मी माझ्याच मागणीवरून खाली आलो. तोंडातून शब्द निघाला, "मामी, कशा आहात?"

आईचा हात डोक्याकडे गेला.

पहिल्यांदा माझ्यासाठी गेला. दोन दिवसांची उपाशी बाई भिंतीला धरून उभी राहिली. "या, या. लय दिसांनी आलात." पान वाढलं. मी हात बांधून बसलो आणि दाजींचं वाक्य म्हटलं. तिने घास घेतला, मग दुसरा, मग वरण प्यायली. रेखा ओट्याशी तोंड फिरवून उभी होती. जेवता जेवता आई माझ्याकडे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बापू, एक सांगू का? आमचा मध्या तापट हाय. कोनाशी पटत नाय त्याचं. तुमी मोठे हाव, तेवढं सांबालून घ्या त्याला. मी काय त्याला कवा जवल घेतला नाय. बाप नवता, लाड केले असते तं वाया गेला असता."

मी जावई होतो.

"बघतो मी," म्हटलं. "तुम्ही काळजी करू नका."

ती जाईपर्यंत सात-आठ महिने मी जावईच राहिलो. सकाळ-संध्याकाळ गाडी काढून सुकापूरहून यायचो आणि बेल वाजवायचो. मध्या म्हणून तिने मला शेवटपर्यंत हाक मारली नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. मी हॉस्पिटलात गेलो. दाजी पलंगावर टेकून बसले होते, हाताला सलाईन, दाढी वाढलेली. मी स्टूल ओढायच्या आत त्यांनी विचारलं, "जेवल्या का?"

हो म्हटलं असतं तर पुरलं असतं. तुमचाच शर्ट, तुमचीच टोपी घालून गेलो, असं सांगितलं असतं तर तो माणूस पोटभर हसला असता. पण ती टोपी दोन तास माझ्या डोक्यावर होती आणि माझं डोकं अजून जळत होतं.

"जेवली," मी म्हटलं. "माझ्या हातून जेवली. मुलगा म्हणून समोर बसलो. मध्या म्हणाली मला."

आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. भाव टाकल्यावर मी समोरच्याकडे बघतो तसा. डोळा फडफडतो, ओठ जरा आत जातो, कुठेतरी दिसतंच. मला ते एकदा बघायचं होतं. चार वर्षं तुम्ही पाहुणे राहिलात दाजी, आणि तिला ओळख पटली ती माझी.

दाजी सलाईनसकट सरळ बसले. "काय सांगता? ओळखलं? कशा म्हणाल्या? नीट सांगा, अगदी पहिल्यापासून सांगा."

आता मला सांगावं लागलं. मी म्हटलं, भात कालवत होतो, तेवढ्यात तिने निरखून पाहिलं. म्हणाली, मध्या, किती वाळलास रे. आणि डोक्यावरून हात फिरवला. पुढून मागे, दोन वेळा. हे सगळं मी तिथल्या तिथे रचलं. आईने माझ्या डोक्यावरून असा हात कधीच फिरवला नव्हता, तरी तो कसा फिरला असता ते मला बारकाईने ठाऊक होतं.

दाजींचे डोळे भरून आले. चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. मी शोधलं, खरंच शोधलं, पण तिथे आनंदाशिवाय काही नव्हतं. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी हाक मारली, "अहो काका, आमच्या सासूबाईंनी आज लेकाला ओळखलं!" मग माझा हात धरून म्हणाले, "मधुकरराव, मी रोज म्हणायचो तुमच्या ताईला, एक दिवस ओळखणार. आता मी निवांत ऑपरेशनला जातो."

सकाळी ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा दाजी गेलेले होते. ताई खुर्चीत बसूनच झोपली होती, तिलाही कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी उठलो, बरं येतो म्हटलं आणि दारापर्यंत गेलो. वाटलं, परत फिरावं, सांगून टाकावं. मागे वळलो. ताप बघायला नर्स आली होती. दाजी तिला थांबवून काहीतरी सांगत होते, तोंडातला थर्मामीटर बाहेर काढून सांगत होते. सलाईन नसलेला हात त्यांनी वर नेला आणि आपल्याच डोक्यावरून फिरवून तिला दाखवला. पुढून मागे, दोन वेळा.